स्थावर आणि जंगम : परदेशातले घर, वसईतली जमीन

गेल्या मे महिन्यात एका रविवारी सकाळी मेलबर्नहून पुतण्याचा फोन आला. हवापाणी, आईची तब्येत, आंबे संपले का, एवढे झाल्यावर त्याने विचारले, "काका, आपल्या वाडीच्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे का?"

सहा महिने तो तिथे घर शोधत होता. विक्रीला काढलेले घर तिथे बहुधा शनिवारी अर्धा तास सगळ्यांना बघायला उघडे ठेवतात. नवरा-बायको दर शनिवारी अशी तीन-चार घरे पाहून येत. एक पसंत पडले, बँकेशी बोलणे झाले, आणि मग कळले की तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्याला जुने, म्हणजे आधी कोणी वापरलेले घर आता घेताच येत नाही. नवे घर घ्या, नाहीतर मोकळा प्लॉट घेऊन स्वतः बांधा. "बांधायचंच असेल तर इथे कशाला? आपल्या वसईत नको का?" असा त्याचा सवाल होता आणि त्यातूनच सातबाऱ्याची आठवण झाली होती.

मी इतिहासाचा पदवीधर नाही आणि वकीलही नाही. जमिनीचे जुने कागद वाचायची सवय मला घरच्याच वाटणीच्या वादातून लागली आणि वाद मिटल्यावरही सुटली नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे हाती लागले ते इथे मांडतो, कारण हा प्रश्न आता एकट्या माझ्या पुतण्याचा राहिलेला नाही. निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल, वाघोली, कुठल्याही आळीत जा. दर चार-पाच घरांमागे एकाचा मुलगा किंवा मुलगी बाहेर आहे, आणि घर कुठे करायचे हा विषय जेवणाच्या ताटावर आहे.

आधी तिथला कायदा

आपल्या मुलांना तिथे घर का मिळत नाही, याचे उत्तर पुष्कळदा 'महागाई' या एका शब्दात दिले जाते. महागाई आहेच. पण गेल्या काही वर्षांत अनेक देशांनी परक्या माणसाने घर विकत घेण्यावरच बंधने आणली. न्यूझीलंडने २०१८मध्ये कायदा बदलून बहुतेक परदेशी लोकांना तिथली जुनी घरे घेण्यास मनाई केली. कॅनडाचा असाच कायदा १ जानेवारी २०२३पासून लागू झाला. मुदत दोन वर्षांची होती, ती पुढे वाढवून १ जानेवारी २०२७पर्यंत नेली. सिंगापूरने एप्रिल २०२३मध्ये परदेशी खरेदीदारावरचा जादा मुद्रांक कर ६० टक्क्यांवर नेला. ऑस्ट्रेलियाची बंदी १ एप्रिल २०२५पासूनची आहे आणि जाहीर झाली ती ३१ मार्च २०२७पर्यंत. पुतण्या नेमका तिच्यात सापडला.

यातली गंमत अशी की ऑस्ट्रेलियाने मोकळ्या प्लॉटचे दार उघडे ठेवले आहे. सरकारची परवानगी घेऊन प्लॉट घ्यायचा आणि चार वर्षांच्या आत त्यावर घर बांधून पुरे करायचे, ही अट. कॅनडानेही मार्च २०२३मध्ये नियम सैल करून मोकळ्या जमिनीची खरेदी बंदीतून वगळली. विचार सरळ आहे. गावात घरे थोडी आणि माणसे फार. बाहेरच्याने येऊन आहे ते घर घेतले तर गावातल्याचे एक घर कमी होते, नवे बांधले तर एक वाढते. त्या देशांना जपायची आहेत ती घरे.

ही बंदी कायमस्वरूपी निवासाचा परवाना मिळालेल्याला लागत नाही. म्हणजे पुतण्यापुढचे दार बंद आहे ते काही वर्षांपुरते. ही गोष्ट त्याला ठाऊक होती, पण मनाने घेतलेली नव्हती. शनिवारची घरे पाहून पाहून माणसाला घाई सुटते.

आखातातली पिढी

पुतण्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या चुलतभावाने, परदेशात घर कधी शोधलेच नाही. दादा १९७८ साली कुवेतला गेला. १९७३नंतर तेलाचे भाव चढले, आखातात बांधकामे निघाली, आणि फिटर, वेल्डर, ड्रायव्हर, कारकून, परिचारिका असे लोक आपल्याकडून तिकडे जाऊ लागले. त्या देशांत राहण्याचा परवाना नोकरीला आणि नोकरी देणाऱ्या कफीलला बांधलेला. नोकरी गेली की परवाना गेला. कुवेतमध्ये आपल्यासारख्या परदेशी माणसाला घर-जमीन घेता येत नाही, आजही नाही. दुबईने २००२मध्ये ठरावीक भागांत परदेशी लोकांना मालकी हक्काने घरे घ्यायला मोकळीक दिली, २००६मध्ये त्याच्या नोंदणीचा कायदा केला, आणि आता २० लाख दिरहमची मालमत्ता असेल तर दहा वर्षांचा निवास परवानाही मिळू शकतो. पण दादाच्या पिढीला हे काहीच नव्हते. चौघांत एक खोली, आणि पगार झाला की ड्राफ्ट गावी.

म्हणून आखाताच्या पैशाची घरे इथे उभी राहिली. वसईत ती ओळखू येतात. मंगळुरी कौलांच्या जुन्या घराशेजारी सपाट स्लॅबचे घर, पुढे गोल गच्ची, जमिनीला मोझॅक, आणि कधीतरी वरचा मजला चढवू म्हणून गच्चीवर सोडलेल्या सळ्या. त्या सळ्या अनेक घरांवर अजून तशाच गंजत उभ्या आहेत.

दादाने १९८८च्या सुट्टीत येऊन फक्त जोते बांधले. दोन वर्षांनी बाकीचे करू म्हणाला आणि परत गेला. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. पुढचे दोन महिने एअर इंडियाची विमाने जॉर्डनच्या अम्मानहून आपल्या माणसांना आणत होती; एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीय त्या वेळी असे परतले. दादा एक बॅग घेऊन आला. बारा वर्षांतली खोलीतली भांडी, टेपरेकॉर्डर, शिवणयंत्र तिथेच राहिले. खिशातल्या दिनारच्या नोटा घ्यायला कोणी तयार नव्हते. वसईतल्या बारा वर्षांच्या कमाईतून दिसण्यासारखे उरले होते ते एक जोते, पावसाने शेवाळलेले. त्यावर त्याने १९९३मध्ये घर पुरे केले, कौलांचेच, कारण स्लॅबचे पैसे उरले नव्हते.

मे १७३९

आपल्या महसुली भाषेत मालमत्तेचे दोन भाग करतात. उचलून नेता येते ती जंगम, जागची हलत नाही ती स्थावर. दादाच्या बाबतीत जंगम गेले आणि स्थावर राहिले. वसईच्या किल्ल्यात याच्या नेमके उलटे घडलेले आहे.

गुजरातच्या सुलतान बहादूरशाहाने २३ डिसेंबर १५३४च्या तहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. तिथून दोनशे वर्षे दूरदेशीचे लोक इथे येऊन घरे बांधत होते. त्यांचा जमिनीचा कागद मोठा मनोरंजक आहे. गाव राजाचे, ते सरदाराला, सैनिकाला किंवा विधवेला देत, बहुधा तीन पिढ्यांसाठी. बदल्यात दर वर्षी ठरलेला 'फोरो' भरायचा आणि काही ठिकाणी लढाईसाठी घोडा बाळगायचा. तीन पिढ्या संपल्या की हक्क पुन्हा राजाकडे. मुंबईतल्या फोरास रोडच्या नावात हा फोरो अजून आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४मध्येच हिंदुस्थानात आला. पुढे वसईच्या अमलाखालचे मुंबई बेट त्याला असेच फोरोने मिळाले आणि तिथे त्याने बागेसह घर केले. आपल्या वनौषधींवरच्या, १५६३मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात तो मुंबईतल्या आपल्या आंब्याच्या झाडाचे कौतुक करतो, ते वर्षातून दोनदा फळते म्हणून. परमुलखात घर केलेला माणूस झाडाबद्दल असा बोलू लागला की तो रुळला असे समजावे. ते घर होते तिथेच नंतर मुंबईचा कोट उठला.

वसईच्या किल्ल्यातली घरेही भक्कम होती. १६७५मध्ये जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर इथे आला. दुमजली घरे, छपराचे सज्जे आणि काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने लावलेल्या मोठ्या खिडक्या त्याने नोंदवल्या आहेत. शिंपल्याच्या पातळ चकत्या चौकटीत बसवल्या की उजेड येतो आणि ऊन येत नाही, हे युरोपातून आलेल्या माणसाला इथल्या उन्हाने शिकवले.

मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. शरणागतीच्या अटींत एक अट अशी होती की जे जातील त्यांनी आपली जंगम मालमत्ता बरोबर न्यावी, आणि जे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी. मोठे घरवाले जहाजांत बसून गेले. सज्जे, खिडक्या, विहिरी, जोती मागे राहिली. आज आपण किल्ल्यात फिरतो ते त्या स्थावरात. जे या मातीतले होते, वाडी करणारे, मासे मारणारे, ते धर्म कोणताही असो, राहिले. कागदावर जमीन त्यांची नव्हती. ती त्यांच्यापैकी पुष्कळांना मिळाली ती आणखी दोनशे वर्षांनी, १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनी, कूळकायद्याने.

परक्या देशात घर शोधणाऱ्याने पहिल्यांदा विचारायचा प्रश्न या इतिहासात आहे. जमीन कोणाची, आणि मला ती किती काळासाठी? 'तीन पिढ्या' हे एक उत्तर झाले. लंडनमध्ये फ्लॅट घेणाऱ्याला आजही बहुधा ९९ किंवा १२५ वर्षांचा पट्टाच मिळतो. कुवेतचे उत्तर 'नोकरी असेपर्यंत'. घर किती खोल्यांचे, हे नंतर.

आपला कायदा काय जपतो

पुतण्याला वाटत होते की आपल्या गावात तरी कोणी अडवणार नाही. पण अडवणारा कायदा इथेही आहे, फक्त तो दुसरीकडे तोंड करून उभा आहे. परदेशी राहणारा भारतीय इथे फ्लॅट, बंगला, दुकान घेऊ शकतो. शेतजमीन, मळ्याची जमीन आणि फार्महाऊस त्याला विकत घेता येत नाही. परकीय चलनाचा १९९९चा कायदा आणि त्याखालचे नियम तसे सांगतात. शिवाय महाराष्ट्राच्या १९४८च्या कूळकायद्याच्या कलम ६३प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही, मग तो वसईत राहो नाहीतर मेलबर्नला. तिकडचे कायदे घरे जपतात, इकडचे पिकाखालची जमीन.

मात्र वारसाने आलेली शेतजमीन परदेशी राहणाऱ्यालाही ठेवता येते. पुतण्याचा हक्क तिथे आहे. पण हक्क असणे आणि सातबाऱ्यावर नाव असणे या दोन गोष्टी. मी उतारा काढला तेव्हा त्यावर सात नावे होती. त्यातली दोन माणसे हयात नव्हती, आणि दुसरे नाव दादाचेच होते. त्याला जाऊन नऊ वर्षे झाली. वारस नोंद कोणी केलीच नव्हती. वहिनी तिथे राहते, कर भरते, नारळ उतरवते, पण कागदावर ती नाही.

अशा घरात बांधकाम काढायचे तर पायऱ्या ठरलेल्या आहेत. त्या क्रमाने सांगतो, कारण लोक शेवटच्या पायरीपासून, म्हणजे आर्किटेक्टच्या चित्रापासून, सुरुवात करतात.

पहिली पायरी वारस नोंदीची. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन तलाठ्याकडे अर्ज. फेरफार पडतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. इथे मुलींची नावे 'त्या लग्न होऊन गेल्या' म्हणून गाळायची जुनी खोड आहे. तिला आधार नाही. हिंदूंमध्ये २००५च्या दुरुस्तीने मुलगी वडिलोपार्जित मिळकतीतही मुलाइतकीच हक्कदार झाली. ख्रिस्ती कुटुंबांना लागू होणाऱ्या १९२५च्या वारसा कायद्यात तर मुलगा-मुलगी असा भेद आधीपासूनच नाही.

दुसरी पायरी संमतीची. जमीन सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती, नाहीतर वाटणी किंवा नोंदणीकृत हक्कसोड पत्र. परदेशातल्या हिस्सेदाराला यावे लागत नाही. भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्रावर सही करून पाठवता येते. ते इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरून घ्यायचे. पुष्कळांची ही मुदत टळते.

तिसरी पायरी, जमीन कोणत्या जातीची आहे. गावठाणात असेल तर बिगरशेतीचा प्रश्न येत नाही. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत किंवा मंजूर विकास आराखड्यात राहण्याच्या पट्ट्यात असेल तर महसूल संहितेच्या कलम ४२-ब आणि ४२-डने वाट सोपी केली आहे. जमीन कूळकायद्यात मिळालेली असेल तर कलम ४३ची अट उतरवून घ्यावी लागते. समुद्राजवळ किनारा नियमन क्षेत्राची रेषा पाहावी लागते. आणि बांधकामाची परवानगी कोण देणार हे गावागणिक तपासायचे. वसईत १९९०मध्ये सिडको आली, ३ जुलै २००९ला महापालिका झाली, आणि त्यानंतर २९ गावांनी महापालिकेतून बाहेर राहण्यासाठी लांबलचक लढा दिला.

बावखल

कागदांचे इतके सांगितल्यावर पुतण्या म्हणाला, "ते होईल हो. जागा मी ठरवलीय. घरामागचं बावखल तसंही निम्मं कोरडं असतं. ते भरलं तर चार गुंठे सहज निघतील."

चार गुंठे म्हणजे साडेचार हजार फुटांच्या आतबाहेर. आजच्या भावाने ती रक्कम मोठी आहे, आणि असे म्हणणारा तो काही पहिला नव्हे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत वसईतली कितीतरी बावखले याच हिशेबाने बुजली.

बावखल म्हणजे वाडीतला खणलेला उथळ तलाव. पावसाचे पाणी त्यात साठते आणि हळूहळू रेताड जमिनीत मुरते. वसईच्या किनारपट्टीला जमिनीखाली एका बाजूने समुद्राचे खारे पाणी आत येऊ पाहते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके, म्हणून ते त्याच्या वर तरंगते आणि आपल्या भाराने त्याला खाली दाबून धरते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका डच आणि त्यानंतर एका जर्मन अभ्यासकाने याचे गणित मांडले. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोडे पाणी असते. हे गणित उलट वाचले की अंगावर काटा येतो. वरची पातळी एक फूट उतरली तर खालून खारे पाणी चाळीस फूट वर चढते. टँकरने पाणी उपसून नेण्याविरुद्ध आणि वाडीवर चढणाऱ्या इमारतींविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईच्या कार्यकर्त्यांनी जे रान उठवले, त्याच्या मुळाशी हेच गणित होते. केळी, पानवेल, मोगरा, सोनचाफा हे सगळे त्या तरंगत्या थरावर उभे आहे. आणि आपली विहीरही.

दुसरे, बावखल पावसाचे पाणी पोटात घेते. जुलै २०१८च्या पुरात वसईचे रेल्वे रूळ पाण्याखाली गेले, वीज गेली, मिठागरातली वस्ती पाण्याने वेढली. आमच्या आळीत दादाच्या घरात पाणी शिरले नाही. एकतर जोते तीन फूट उंच, आणि मागे बावखल. त्याच आळीत भराव टाकून बांधलेल्या दोन नव्या घरांनी आपल्या अंगणातले पाणी शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात लोटले. ते वैर अजून मिटलेले नाही.

मी पुतण्याला म्हटले, "तुला ऑस्ट्रेलिया जुनं घर देत नाही, कारण तिथल्यांच्या वाट्याचं ते कमी होतं. मग इथे तू आळीच्या वाट्याचं पाणी कमी करून घर बांधणार का? तेही वर्षातले तीन आठवडे राहायला?" फोनवर बराच वेळ काही बोलणे झाले नाही. मला वाटले लाइन गेली. मग तो म्हणाला, "तीन आठवडे नाही. आईला मी एकटीला ठेवणार नाही, आणि तिला इकडे करमत नाही. आम्ही परत येणार आहोत. कधी, ते सांगता येत नाही."

मला हे ठाऊक नव्हते. बावखलाबद्दलचे माझे म्हणणे मी मागे घेतले नाही, पण 'तीन आठवडे' हे शब्द मात्र घेतले.

ठरले ते असे

मेलबर्नला घर आत्ता घ्यायचे नाही. कायमचा परवाना हाती येईपर्यंत भाड्याने राहायचे. वसईत बांधायचे, पण दादाच्याच जोत्यावर. पुढची ओटी आणि कौले राहतील, मागचा भाग उतरवून तिथे स्लॅबच्या दोन खोल्या, त्यातली एक वहिनीसाठी खालीच, बाथरूमला लागून. गच्चीवरचे पाणी नळीने बावखलात. खाडीच्या रेतीतले मीठ सळ्या गंजवते, तेव्हा वाळू पाहूनच घ्यायची. पैसे एनआरई खात्यातून, प्रत्येक पावतीसह, म्हणजे उद्या विकायची वेळ आली तर हिशेब दाखवता येईल. आणि गच्चीवर सळ्या सोडायच्या नाहीत, हे त्याचे त्यानेच सांगितले.

राहिली संमती. धाकट्या आत्याने हक्कसोड पत्राला लगेच होकार दिला. थोरली आत्या नालासोपाऱ्याला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहते. तिने चहा दिला, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "बांधायला सही देते. हक्क सोडणार नाही. माझं नाव राहू दे त्या कागदावर, मी तिथं जन्मले." कायद्याने ती बरोबर आहे. माझ्या मते ती एरवीही बरोबर आहे.

वारस नोंदीचा अर्ज गणपतीच्या आधी दिला. नोटिशीचे पंधरा दिवस सरले आणि हरकत आली नाही. हा लेख अंकासाठी पाठवतो आहे तेव्हा नवा उतारा माझ्यासमोर आहे. त्यावर वहिनीचे नाव आहे, पुतण्याचे आहे, आणि दोन्ही आत्यांची आहेत. उताऱ्याचा फोटो मेलबर्नला पाठवला. त्याने उलट विचारले, "पिकाच्या रकान्यात केळी लिहिलीत. आहेत का अजून?"

आहेत. बावखलाच्या काठाने, सतरा गडे.